फॅमिली कोर्टात मुलाच्या कस्टडीची केस स्वतः चालवताना

फॅमिली कोर्टात वकिलाशिवाय उभंच राहता येत नाही असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं, पण कायदा बरोबर उलटं सांगतो. फॅमिली कोर्ट्स ॲक्ट १९८४ चं कलम १३ वाचा, त्यात आहे की या कोर्टात वकिलामार्फत बाजू मांडणं हा कुणाचा हक्क नाही, वकील द्यायचा तर कोर्टाची परवानगी लागते. व्यवहारात ती परवानगी बहुतेक वेळा मिळते त्यामुळे सगळीकडे वकीलच दिसतात, पण तुम्ही स्वतः उभे राहिलात तर कुणाकडे सवलत मागताय असं अजिबात मनात आणू नका. कागदावर तुमच्या नावापुढे 'पार्टी इन पर्सन', म्हणजे स्वतःच आपली केस चालवणारा पक्षकार, असं लागतं एवढंच.

माझ्या मुलीच्या केसमध्ये पहिलं दीड वर्ष वकील होते, मग पैसे संपले आणि पुढची दोन वर्षं मी एकट्याने केस चालवली. मी कायदा शिकलेला माणूस नाही, खाली जे लिहितोय ते तारखेला उभं राहून राहून कळलेलं आहे, आणि हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मुलगी मला निदान सहा महिने आधी भेटली असती असं मला आजही वाटतं, म्हणून लिहितोय.

आधी कुणी हे एकट्याने करू नये ते सांगतो. घरात मारहाण झालेली असेल, पोक्सोचा म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालचा आरोप असेल, मूल परदेशात नेलेलं असेल किंवा मूल कुठे आहे हेच कळत नसेल तर प्लीज वकील घ्या. पैसे नाहीत म्हणून अडत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, त्यांचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच सापडतं, किंवा १५१०० ला फोन करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, हे खूप बायकांना माहीतच नसतं. बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. आणि स्वतः केस चालवत असलात तरी एखाद्या ओळखीच्या वकिलाला तासाभराचे पैसे देऊन कागद दाखवून घ्यायला काही हरकत नाही, मी दोनदा तसं केलं आणि दोन्ही वेळा मोठी चूक टळली.

आता केस कुठे टाकायची. मूल जिथे नेहमी राहतं त्या भागातलं कोर्ट, गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट १८९० च्या कलम ९ मध्ये हेच आहे. तुमच्या जिल्ह्यात फॅमिली कोर्ट नसेल तर हा अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. घटस्फोटाची केस आधीच चालू असेल तर वेगळी केस टाकायची गरज नाही, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच केसमध्ये कस्टडीचा अर्ज देता येतो. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीन असणं) आणि पालकत्व कायदा पण लागतो, त्यात कलम ६ मध्ये म्हटलंय की पाच वर्षं पूर्ण न झालेलं मूल साधारणपणे आईकडे असावं. यातला 'साधारणपणे' हा शब्द बापांनी नीट वाचा, आयांनी पण वाचा, कारण तो दार बंद करत नाही आणि खात्रीही देत नाही. त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सर्वात वर, आणि सगळी केस शेवटी या एका वाक्यावर येऊन थांबते. १९९९ च्या गीता हरिहरन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने आईच्या पालकत्वाकडे याच नजरेने बघितलं होतं.

मुलाचं हित सर्वात वर हे सगळेच म्हणतात, पण कागद लिहायला बसलं की ते कुणाच्या लक्षात राहत नाही. माझा पहिला अर्ज बावीस पानांचा होता. त्यात लग्न कसं ठरलं, साखरपुड्याला काय झालं, सासरे काय बोलले, मग 'सामनेवाली ही अत्यंत हट्टी व भांडखोर स्वभावाची असून तिने अर्जदाराचा अतोनात मानसिक छळ केला', असं सगळं होतं. मुलगी कितवीत आहे हे सतराव्या पानावर आलं होतं. जज मॅडमनी चाळला आणि मला एकच विचारलं, मुलीला शाळेत कोण सोडतं. त्याचं उत्तर त्या बावीस पानांत कुठेच नव्हतं.

नंतर मी जे प्रतिज्ञापत्र दिलं त्यात पहिल्याच पानावर मुलीचा एक दिवस लिहिला. सकाळी सहाला कोण उठवायचं, साडेसातची बस, डब्याला काय लागतं, दुपारी घरी कोण असतं, बालदम्याचा पंप कुणाकडे असतो आणि तो कधी द्यायचा हे कुणाला माहितीय, अभ्यास कोण घेतं, रात्री ती कुणाशेजारी झोपते. त्यात जिथे आई करायची तिथे आई लिहिलं, खोटं एक अक्षर नाही. मग पुढे, मुलगी माझ्याकडे आली तर हाच दिवस कसा जाईल ते. मी ऑफिसातून किती वाजता येतो, तोपर्यंत घरी माझी आई असते, तिचं वय किती, शाळा तीच राहणार का बदलणार, घरापासून शाळा किती लांब. हे सगळं चार पानांत मावलं. तुम्ही काहीही लिहायला घेतलंत, अर्ज, कैफियत म्हणजे समोरच्याच्या केसला लेखी उत्तर, काहीही, तर प्रत्येक परिच्छेदाला विचारा की यात मूल आहे का. नसेल तर तो काढून टाका, कितीही खरा असला तरी. जोडीदार व्यसनी असेल तर जरूर लिहा पण त्याने मुलाला काय झालं ते लिहा, अमुक तारखेला पिऊन शाळेत घ्यायला आला आणि शाळेने मूल सोडलं नाही, असं. नुसतं 'व्यसनी आहे' याने काही होत नाही.

महाराष्ट्रात मराठीत अर्ज चालतो, इंग्रजीसाठी अडून बसू नका. तुमच्या विरुद्ध केस पडली असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते, कोर्टाने वाढवून दिली तर ९० दिवसांपर्यंत, आणि गेलाच नाहीत तर केस एकतर्फी होते. रागाने समन्स न घेणारे लोक मी बघितलेत, त्यांचं नुकसानच झालं.

मूळ केस निकालापर्यंत जायला वर्षं लागतात आणि मूल तेवढ्यात मोठं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी मूळ अर्जासोबत अंतरिम अर्ज द्या, गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टच्या कलम १२ खाली तात्पुरता ताबा आणि भेट मागता येते. माझ्या मते सगळ्या केसमधला हा सर्वात महत्त्वाचा कागद आहे, कारण अंतरिम हुकुमाने जी घडी बसते तीच बऱ्याचदा पुढे कायम राहते, मूल दोन वर्षं जिथे रुळलंय तिथून त्याला उचलायला कुठलंही कोर्ट कचरतं. आणि यात मागणी अगदी बारीक लिहा. 'वाजवी भेट मिळावी' असं लिहिलंत तर हुकूमही तसाच मोघम येतो आणि मग दर आठवड्याला वाजवी म्हणजे काय यावर भांडण. पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६, मूल अमुक ठिकाणी सोडायचं आणि तिथेच घ्यायचं, रोज संध्याकाळी ७ ते ७.३० व्हिडिओ कॉल, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी, वाढदिवसाला दोन तास, शाळेच्या पालकसभेला दोघांना जाता येईल, मूल आजारी पडलं तर त्याच दिवशी कळवायचं. पासपोर्ट आणि परदेश प्रवासाचं पण लिहा, कोर्टाच्या परवानगीशिवाय मूल बाहेर नेऊ नये म्हणून. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलंय की ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला भेटीचे आणि संपर्काचे पुरेसे हक्क मिळाले पाहिजेत आणि मुलाला दोघांचंही प्रेम मिळण्याचा हक्क आहे, त्यामुळे कॉल मागायला लाजू नका.

मूल बरेच महिने भेटलं नसेल तर एकदम रात्रभर मागू नका. मला सुरुवातीला कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत दोन तास मिळाले होते. पहिल्या भेटीत मी मोठी बाहुली घेऊन गेलो आणि मुलगी दाराला चिकटून उभी राहिली, माझ्याकडे बघेना. दुसऱ्या वेळी काही नेलं नाही, फक्त तिची जुनी रंगाची वही नेली, जमिनीवर बसलो आणि एकटाच रंगवत बसलो. चाळीस मिनिटांनी ती येऊन म्हणाली हत्ती निळा नसतो. तिथून सुरू झालं. चार भेटी नीट झाल्यावर मी कोर्टाला त्या चार तारखा लिहून बाहेर न्यायची परवानगी मागितली आणि मिळाली, असं पायरी पायरीने मागितलेलं जजना पटतं.

समुपदेशकाकडे म्हणजे मॅरेज कौन्सेलरकडे पाठवतातच, फॅमिली कोर्ट्स ॲक्टच्या कलम ९ प्रमाणे कोर्टाने आधी तडजोडीचा प्रयत्न करायचाच असतो. तिथे कंटाळा करू नका आणि वेळेवर जा. मुलाबद्दल किंवा घराबद्दल कोर्ट त्यांच्याकडून रिपोर्ट मागवू शकतं, मग ते घरी येऊन बघून जातात, मूल कुठे झोपेल, अभ्यासाला जागा आहे का असं. घर सजवायची गरज नसते पण मुलाचा एक कोपरा खरंच असायला हवा. तिथे तडजोड होत असेल तर 'कन्सेंट टर्म्स', म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, लिहिताना वरचं सगळं बारीक तसंच लिहायचं, सही करायच्या आधी एक रात्र घरी आणून वाचायचं.

आता रोजच्या कोर्टाबद्दल, कारण नवीन माणूस इथेच गांगरतो. केस दाखल झाली की सीएनआर नंबर मिळतो, सोळा अक्षरांचा, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि कशासाठी ठेवलीय ते दिसतं. तारखेला अकराच्या आधी पोचा, बोर्डावर आपला नंबर बघा आणि कोर्टरूमच्या आसपासच थांबा. पुकारा झाला आणि तुम्ही चहाला गेलेले असलात तर गैरहजर लागता. पुकारा झाल्यावर पुढे जाऊन 'अर्जदार हजर, पार्टी इन पर्सन' एवढंच म्हणायचं, मग जज विचारतील तेवढंच बोलायचं. सर किंवा मॅडम चालतं. समोरचे वकील मध्ये बोलले तर त्यांच्याशी वाद घालायचा नाही, बोलायचं ते जजकडे बघूनच.

एक मोठा धडा, कोर्टात तोंडी बोललेलं हवेत जातं. जे हवं ते कागदावर द्यायचं. मुदत हवी तर मुदतीचा अर्ज, काही कळवायचं असेल तर पुरसिस, म्हणजे साधा एक कागद ज्यात आपण कोर्टाला माहिती देतो की बाबा असं असं झालंय. भेटीला मूल आणलं नाही? त्याच आठवड्यात पुरसिस, तारीख, वेळ, मी किती वाजेपर्यंत थांबलो, काय मेसेज केला. माझ्या फाइलमध्ये अशा अकरा पुरसिस होत्या आणि शेवटच्या युक्तिवादाला मी त्याच एकामागून एक दाखवल्या, आवाज चढवावा लागला नाही. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढा, एक कोर्टाला, एक समोरच्याला, आणि एक स्वतःला जिच्यावर समोरच्याची 'प्रत मिळाली' अशी सही आणि तारीख घ्यायची. अर्जावर बऱ्याचदा जज 'अदर साइड टू से' असं लिहितात, ते बघून पहिल्यांदा माझं तोंड पडलं होतं, मला वाटलं अर्ज फेटाळला. त्याचा अर्थ एवढाच की समोरच्याने आपलं म्हणणं द्यावं. तुमच्यावर तसं आलं तर तुम्ही पण 'म्हणणं' लेखी द्यायचं आणि वेळेत द्यायचं. आणि दर तारखेनंतर रोजनामा बघत जा, त्या दिवशी काय झालं ते त्यात लिहिलेलं असतं, चूक असेल तर लगेच सांगता येतं.

पुराव्याचं. फॅमिली कोर्टाला फॅमिली कोर्ट्स ॲक्टच्या कलम १४ प्रमाणे मोकळीक आहे, वाद सोडवायला उपयोगी वाटला तर एरवी पुरावा कायद्यात न बसणारा कागदही ते घेऊ शकतात. पण त्यावर विसंबून ढिले राहू नका. शाळेची डायरी, फीच्या पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी, लसीकरणाचं कार्ड, यांच्या मूळ प्रती आणा आणि दस्तऐवज यादीसोबत द्या. व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, कॉल रेकॉर्ड हे द्यायचे तर सोबत सर्टिफिकेट लागतं, पूर्वी जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमावरून त्याला ६५ ब म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला त्यात ते कलम ६३ आहे आणि नमुन्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. फोन बदलला तरी जुना फोन विकू नका, पुसू नका. स्क्रीनशॉट देताना मधलेच चार मेसेज देऊ नका, पूर्ण संभाषण द्या, नाहीतर समोरचे उरलेले मेसेज आणतात आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो. आणि मुलाला 'आई तुला मारते का, बाबा ओरडतात का' असं विचारून रेकॉर्डिंग करू नका. कळकळीने सांगतो. ते ऐकताना जजना मुलाचं उत्तर ऐकू येत नाही, प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

तुमचा सरतपास, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो, मग समोरचे वकील उलटतपास घेतात. तिथे तुम्हाला चिडवायचा प्रयत्न होणार, हे आधीच धरून चला. प्रश्न पूर्ण ऐका, हो, नाही, आठवत नाही, यापैकी खरं असेल ते बोला आणि गप्प बसा. मला विचारलं की मुलीच्या पहिल्या वर्षी तुम्ही किती रात्री जागलात, आणि मी खरं सांगितलं की फार कमी, तेव्हा बायकोच जागायची. मला वाटलं केस गेली. पण पुढे त्याच खरेपणामुळे माझ्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसला असं मला वाटतं, कारण अंतिम हुकुमात ते वाक्य आलं होतं.

स्वतः उलटतपास घेणं सर्वात अवघड, कारण समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुमचाच नवरा किंवा बायको असते. प्रश्न घरी लिहून न्या, पंधरा पुरे. एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि शक्यतो जिचं उत्तर कागदावर आधीच आहे ती. 'तू असं का वागलीस' हा प्रश्न तिथे नाही. 'निशाणी अमुकवर शाळेच्या डायरीत जून ते सप्टेंबर सही कुणाची आहे' हा प्रश्न आहे, निशाणी म्हणजे कोर्टाने त्या कागदाला दिलेला नंबर. उत्तर मिळालं की पुढच्या प्रश्नावर जा, चांगलं उत्तर मिळाल्यावर तोच धागा ताणत बसलात तर ते खुलासा देऊन निसटतात. नाव घेऊन बोलू नका, आपण म्हणा. खूपच भरून येत असेल तर कोर्टाला सांगा की पाच मिनिटं द्या, देतात. आणि ही सगळी सुनावणी बाहेरच्या लोकांसमोर नको असेल तर इन कॅमेरा मागा, फॅमिली कोर्ट्स ॲक्टच्या कलम ११ प्रमाणे एका पक्षाने मागितलं तरी कोर्ट तसं करतं.

मूल कळत्या वयाचं असेल तर जज त्याला चेंबरमध्ये बोलावून एकटे बोलतात, कायद्यात ठरावीक वय नाही, मूल समजून आपली पसंती सांगू शकतं का एवढंच बघतात. त्या दिवशी मुलाला काहीही शिकवू नका. जजनी आयुष्यभर हेच बघितलेलं असतं, पाठ केलेलं वाक्य त्यांना लगेच कळतं. माझ्या मुलीला मी एवढंच म्हणालो होतो की एक मॅडम तुझ्याशी गप्पा मारणार आहेत, जे वाटेल ते सांग, आम्ही दोघंही रागावणार नाही. बाहेर आल्यावर काय बोललीस हे विचारलं नाही, आजपर्यंत विचारलेलं नाही.

हुकूम झाला की त्याच दिवशी नक्कल अर्ज द्या, सर्टिफाइड कॉपी हातात हवी. निकालावर हायकोर्टात अपील करायचं तर फॅमिली कोर्ट्स ॲक्टच्या कलम १९ प्रमाणे ३० दिवस आहेत. मनासारखा हुकूम नाही आला तरी कस्टडीचा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो, १९७३ च्या रोझी जेकब केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की परिस्थिती बदलली तर मुलाच्या हितासाठी तो बदलता येतो. शाळा बदलली, बदली झाली, मूल मोठं झालं, दुसरं लग्न झालं, तर नवीन कारण दाखवून परत अर्ज करता येतो. पण हुकूम आहे तोपर्यंत तो तंतोतंत पाळा, मूल परत सोडायची वेळ सहाची असेल तर पावणेसहाला दारात असा, ते रडलं, राहायचं म्हणालं तरी स्वतःच्या मनाने ठेवून घेऊ नका, कोर्टात अर्ज करा. समोरचा पाळत नसेल तर आधी लेखी मेसेज, मग पुरसिस, मग अंमलबजावणीचा अर्ज, दारात जाऊन भांडण नाही, तेही मुलासमोर तर नाहीच.

हुकुमाची एक झेरॉक्स शाळेच्या ऑफिसात देऊन पोच घ्या, मूल कुणी कुठल्या दिवशी न्यायचं ते त्यांना माहीत हवं, नाहीतर शाळा सुटताना गेटवर वाद होतो. एक प्रत कायम आपल्या बॅगेत ठेवा. आणि मुलाच्या औषधांची, बूट-कपड्यांच्या मापाची, बाईंच्या फोन नंबरची एक छोटी वही करा जी मुलासोबत दोन्ही घरांत फिरेल. आमच्याकडे ती वही अजून फिरते, त्यात परवा तिच्या आईने लिहिलं होतं, पंप संपत आलाय, नवीन घे.